पाहुण्या यंत्राच्या हातांतील नकाशा

सोलापुरांतील सात रस्ता हें नांव ज्यानें ठेवलें, त्यानें वर्णनाचें अर्धें काम नांवांतच उरकून टाकलें आहे. येथें सात वाटा एकत्र येतात, एवढें नवख्या माणसालाहि नांवावरून कळतें. पण कोणती वाट कोठें जाते, कोणती रुंद आणि कोणती अरुंद, कोणत्या वाटेनें स्टेशन जवळ पडेल आणि कोणत्या वाटेनें वळसा, हें नांव सांगत नाहीं. गांवचा माणूस तें अनुभवानें जाणतो. परगांवच्या पाहुण्याला मात्र तें कोणी तरी सांगावें लागतें. सांगणारानें चुकीचें सांगितलें, तर पाहुणा कितीहि चतुर असला तरी भलतीकडेच पोंचणार. त्याची चतुराई त्याला मिळालेल्या माहितीच्या पलीकडे धांवूं शकत नाहीं.

नेमकी हीच अडचण आजच्या संगणकविद्येंत एका निराळ्या पाहुण्यापुढें उभी असते. समजा, सात रस्त्यावरच्या एका कापडव्यापाऱ्याच्या कचेरींत एक मोठा संगणक आणलेला आहे. त्या एकाच यंत्राच्या पोटांत तीन-चार 'आभासी' यंत्रें बसविलेलीं आहेत: एक हिशेबासाठीं, एक मालाच्या नोंदीसाठीं, एक पत्रव्यवहारासाठीं. हिशेबाचें काम जड, म्हणून मालकानें त्या यंत्राच्या वांट्याला आठ प्रोसेसर दिले. तरीहि महिनाअखेरचा हिशेब रेंगाळतो तो रेंगाळतोच. यंत्र तपासून पाहावें तर कोठें बिघाड नाहीं. दिसतें तें इतकेंच, कीं आठांपैकीं दोन प्रोसेसर घाम गाळीत आहेत आणि उरलेल्या सहांना कोणी हांकच मारलेली नाहीं. हा दोष प्रोसेसरांचा नव्हे आणि हिशेबाच्या प्रोग्रामचाहि नव्हे. त्या पाहुण्या यंत्राच्या हातांत जो नकाशा दिला गेला, त्यांत हा दोष आहे. हा नकाशा म्हणजे काय, तो कोण लिहितो, आणि तो चुकला म्हणजे केवढें नुकसान होतें, हें समजून घेणें आज केवळ तज्ज्ञांपुरतें राहिलेलें नाहीं.

आभासी यंत्राची कल्पना तशी जुनी आहे. एक अवाढव्य आणि महागडा संगणक अनेकांना एकाच वेळीं वापरतां यावा, म्हणून अमेरिकेंतील आय. बी. एम. कंपनीनें १९६० नंतरच्या दशकांत एका यंत्राचीं अनेक भासमान यंत्रें करण्याची युक्ति योजिली. १९७२ सालीं 'व्हीएम/३७०' या नांवानें ती गिऱ्हाइकांच्या हातीं आली. पुढें २००३ मध्यें फाब्रिस बेलार या फ्रेंच संगणकतज्ज्ञानें 'क्यूएमू' हा प्रोग्राम प्रसिद्ध केला, आणि २००७ मध्यें लिनक्सच्या अंतरंगांत 'केव्हीएम' ही सोय दाखल झाली. या दोहोंच्या जोडीवर आज असंख्य आभासी यंत्रें चालतात. मायक्रोसॉफ्टनें २०१५ मध्यें पुणें व मुंबई या दोन्ही ठिकाणीं, अमेझॉननें २०१६ मध्यें मुंबईस आणि गूगलनें २०१७ मध्यें मुंबईसच आपापलीं संगणककेंद्रें उघडलीं. त्यामुळें ज्याच्या कचेरींत मोठा संगणक नाहीं, अशा सोलापूरच्या उद्योजकालाहि सुमारें ४५० किलोमीटरांवरील मुंबईचें एखादें आभासी यंत्र तासाच्या भाड्यानें घेतां येतें.

या व्यवहारांत खऱ्या यंत्राला यजमान म्हणतात आणि त्याच्या पोटांत राहणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमला पाहुणी म्हणतात. या पाहुणीची एक विलक्षण गोष्ट अशी, कीं तिला घराच्या भिंती स्वतःच्या डोळ्यांनीं कधींच पाहतां येत नाहींत. यजमान जें सांगेल तेंच तिचें घर. म्हणून यजमानाच्या सांगण्याला येथें असाधारण महत्त्व येतें.

आतां सांगावयाचें असतें तें काय? प्रोसेसर आठ आहेत, एवढें सांगून भागत नाहीं काय? एके काळीं भागत असे, कारण एका यंत्राला बहुधा एकच प्रोसेसर असे. आज ज्याला लोक प्रोसेसर म्हणतात ती एक चिप असते. ती ज्या खोबणींत बसते तिला सॉकेट म्हणतात. त्या एका चिपमध्यें गणिताचें काम स्वतंत्रपणें करणारे अनेक भाग असतात, त्यांस कोअर हें नांव आहे. आणि पुष्कळ जातींच्या चिपांत एकेका कोअरवर कामाचे दोन प्रवाह चालवितां येतात, त्यांना थ्रेड म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या मोजणींत हा प्रत्येक थ्रेड एक प्रोसेसर म्हणूनच गणला जातो. मोजणीला आठ आले तरी त्या आठांची योग्यता सारखी नसते, ती यामुळें.

सोलापूरकरांना ही रचना मागाच्या भाषेंत चटकन् उमजेल. यंत्रमागाच्या कारखान्यांत एक विणकर दोन माग सांभाळतो. एका मागाच्या धोट्यांतील कांडी संपली व तो थांबला, तरी दुसरा चालूच राहतो आणि विणकराचा वेळ फुकट जात नाहीं. कोअर म्हणजे तो विणकर, आणि थ्रेड म्हणजे त्याच्यापुढील दोन माग. एका प्रवाहाचें काम माहितीची वाट पाहत अडलें, म्हणजे कोअरची शक्ति दुसऱ्या प्रवाहाच्या कामीं येते. परंतु दोन माग सांभाळणारा एक विणकर म्हणजे दोन विणकर नव्हेत. दोन्ही मागांवर एकदमच धागे तुटूं लागले, तर त्याला हात दोनच.

हीच उपमा पुढें नेतां येते. विणकराच्या हाताशीं भरलेल्या कांड्यांची एक लहान पेटी असते. कांहीं विणकरांत मिळून एक मोठें कपाट असतें. आणि सुताचा मुख्य सांठा गोदामांत असतो. संगणकांत या पेटीला आणि कपाटाला कॅशे म्हणतात, व गोदामाला मेमरी. पेटी प्रत्येकाची स्वतःची, कपाट अनेकांचें सामायिक, आणि गोदाम सर्वांचें. आतां एकाच मालकाचे दोन कारखाने असावेत, एक शहराच्या पूर्व भागांत आणि दुसरा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत, व प्रत्येकाला जोडून एकेक गोदाम असावें. पूर्व भागांतील विणकराला दुसऱ्या गोदामांतील सूत मिळत नाहीं असें नाहीं. पण तें आणविण्यांत वेळ जातो. दोन सॉकेटांच्या मोठ्या यंत्रांत हुबेहूब असेंच घडतें: जवळची मेमरी लवकर हातीं येते, दूरची उशिरा.

कोण कोणाच्या शेजारीं आहे आणि कोण कोणाशीं काय वांटून घेतो, या सर्व नात्यागोत्यांना मिळून प्रोसेसरांची टॉपॉलॉजी म्हणतात. मराठींत तिला रचनाक्रम म्हणण्यास हरकत नाहीं. ऑपरेटिंग सिस्टिम ही या कारखान्यांतील जॉबर होय. कोणतें काम कोणापुढें टाकावयाचें, हें तिनें क्षणोक्षणीं ठरवावयाचें असतें. दोन जड कामें आलीं, तर शहाणा जॉबर तीं दोन निराळ्या विणकरांना देतो, एकाच विणकराच्या दोन मागांवर चढवीत नाहीं. दोन कामांना एकच सूत लागत असलें, तर तीं एकाच कपाटाभोंवतालच्या विणकरांकडे सोपवितो. आणि ज्या गोदामांत माल आहे त्याच कारखान्यांत काम धाडतो. हें सर्व त्याला साधावें, तर कारखान्याचा रचनाक्रम त्याला आधीं ठाऊक असला पाहिजे.

खऱ्या यंत्रांत ही माहिती देण्याचें काम फर्मवेअर करतें. यंत्राच्या चिपमध्यें बसविलेला आणि विजेची कळ दाबतांच सर्वांच्या आधीं जागा होणारा जो प्रोग्राम, तें फर्मवेअर. ऑपरेटिंग सिस्टिम जागी होण्यापूर्वीं तें मेमरींत कांहीं कोष्टकें मांडून ठेवतें, आणि ऑपरेटिंग सिस्टिम तीं वाचून आपल्या घराची ओळख करून घेते. हीं कोष्टकें कशीं लिहावींत, याचे नियम 'एसीपीआय' या नांवानें इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा या तीन कंपन्यांनीं १९९६ च्या डिसेंबरांत प्रथम प्रसिद्ध केले. २०१३ पासून तें काम यूईएफआय फोरम या संस्थेकडे आहे.

त्यांपैकीं चार कोष्टकें प्रस्तुत विषयाशीं संबंध ठेवतात. पहिलें 'एमएडीटी', हा केवळ हजेरीपट आहे. त्यांत कोण कोण कामावर आहेत तेवढें कळतें, नातीं कळत नाहींत. दुसरें 'एसआरएटी', कोणता प्रोसेसर आणि मेमरीचा कोणता भाग एका घरचे, हें तें सांगतें. तिसरें 'एसएलआयटी'; रेल्वेच्या वेळापत्रकांत गांवागांवांमधील अंतरें दिलेलीं असावींत तसें हें अंतरांचें कोष्टक आहे. त्यांत घराचें स्वतःपासूनचें अंतर नेहमीं १० धरतात. दुसऱ्या घरासमोर २० लिहिलें असेल, तर तेथील मेमरीस दुप्पट दूर समजावें. आणि चवथें 'पीपीटीटी', जें मे २०१७ मध्यें एसीपीआयच्या ६·२ या आवृत्तींत नव्यानें आलें. विणकर, माग, पेट्या व कपाटें यांचा सगळा कुटुंबवृत्तांत याच चवथ्या कोष्टकांत असतो.

त्याची मांडणी पाहण्यासारखी आहे. नाशिकच्या किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात, हा अमक्याचा मुलगा, तो तमक्याचा. पीपीटीटीहि अशीच एक वंशावळ आहे. तिच्यांतील प्रत्येक नोंद आपल्या पित्याकडे बोट दाखविते. म्हणजे पित्याची नोंद कोष्टकाच्या आरंभापासून किती बाइटांवर आहे, तो आंकडा ती आपल्याजवळ ठेवते. पिता मात्र आपल्या मुलांचीं नांवें सांगत नाहीं. तीं वाचणारानें खालून वर जाऊन जुळवावयाचीं. ज्या नोंदीला पिता नाहीं, तिच्या पित्याच्या रकान्यांत शून्य असतें, तीच मूळपुरुष. याशिवाय नोंदींत कांहीं खुणा असतात: ही नोंद सबंध चिपची आहे, हा कोअर नसून थ्रेड आहे, याच्या खालीं आणखी कोणी नाहीं. यांतील शेवटच्या दोन खुणा २०१९ च्या ६·३ आवृत्तीपासून आल्या. सर्वांत खालच्या नोंदीला हजेरीपटांतील क्रमांक जोडलेला असतो, म्हणजे नातें व नांव यांची गांठ पडते. कॅशेसाठीं निराळ्या नोंदी असतात, आणि हा कॅशे ज्याचा, त्याची नोंद त्याकडे निर्देश करते.

हें सर्व ऐकावयास अवजड वाटलें, तरी प्रत्यक्षांत फार थोडक्यांत मावतें. एक चिप, तिच्यांत चार कोअर, आणि प्रत्येक कोअरचे दोन थ्रेड, असें आठ प्रोसेसरांचें यंत्र घ्यावें. चिपची १ नोंद, कोअरांच्या ४ आणि थ्रेडांच्या ८, मिळून १३ नोंदी झाल्या. साध्या नोंदीला २० बाइट लागतात, आणि कोष्टकाच्या मथळ्याला ३६. कॅशेचा तपशील वगळला, तर एकूण बेरीज २९६ बाइट. एखाद्या पोस्टकार्डावर मावेल एवढ्या या मजकुरावर सबंध यंत्राच्या कामाची वांटणी अवलंबून असते.

येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. इंटेल व एएमडी यांच्या घराण्यांतील प्रोसेसरांना स्वतःविषयीं प्रश्न विचारण्याची 'सीपीयूआयडी' नांवाची एक आज्ञाच दिलेली असते. तेथें ऑपरेटिंग सिस्टिम नात्यांची चौकशी मुख्यतः त्या आज्ञेनें करते. आर्म घराण्याच्या प्रोसेसरांत अशी सोय नाहीं. त्यांच्या ओळखक्रमांकावरून कांहीं अंदाज बांधतां येतो, पण त्यावर विसंबतां येत नाहीं. म्हणून एसीपीआय वापरणाऱ्या आर्म यंत्रांत पीपीटीटीवांचून गत्यंतर नसतें, आणि लिनक्सनें २०१८ पासून हें कोष्टक वाचण्यास आरंभ केला तो मुख्यतः याच यंत्रांसाठीं.

आतां पुन्हां त्या पाहुणीकडे वळावें. तिच्या यंत्राला खरी चिप नाहीं, त्यामुळें त्या चिपची माहिती असलेलें खरें फर्मवेअरहि नाहीं. तेथें कोष्टकें तयार करतो तो क्यूएमूसारखा यजमानाचा प्रोग्राम. तो तीं आभासी फर्मवेअरच्या स्वाधीन करतो, आणि तें पाहुणीपुढें मांडतें. सीपीयूआयडीची आज्ञा विचारली, तरी तिचेंहि उत्तर यजमानानें ठरवून दिलेलेंच असतें. सारांश, पाहुणीला वाचावयास मिळणारें प्रत्येक अक्षर यजमानाच्या हातचें असतें. खऱ्या यंत्राचें फर्मवेअर जें आहे त्याचें वर्णन करतें. येथें मात्र वर्णन आधीं लिहिलें जातें, आणि पाहुणी त्यालाच वस्तुस्थिति मानते.

सात रस्त्यावरच्या त्या कचेरींतील कोडें आतां सुटूं शकेल. आठ प्रोसेसर हवेत एवढेंच क्यूएमूला सांगितलें आणि त्यांची नातीं सांगितलीं नाहींत, तर पूर्वीच्या आवृत्त्या आठ निरनिराळीं सॉकेटें आहेत असें धरून चालत; म्हणजे आठ कारखाने आणि प्रत्येकांत एकच विणकर. आतां विंडोज १० किंवा ११ यांच्या 'प्रो' आवृत्तीला जास्तींत जास्त दोनच सॉकेटें वापरण्याची मुभा आहे, आणि 'होम' आवृत्तीला तर एकच. एका सॉकेटांत कोअर कितीहि असोत, त्याबद्दल या प्रकरणीं तक्रार नाहीं, मोजणी सॉकेटांची. अशा पाहुणीला आठ सॉकेटांचा नकाशा मिळाला, तर ती पहिल्या दोन कारखान्यांचीं कुलपें उघडते आणि बाकीच्या सहांकडे ढुंकूनहि पाहत नाहीं. आठ प्रोसेसर दिल्याचें मालकाला समाधान, आणि काम मात्र दोघांचें. उपाय केवढा? नकाशांत एक ओळ बदलावयाची: सॉकेट एक, कोअर आठ. नवें यंत्र नको, नवा खर्च नको. याच अनुभवाला धरून डिसेंबर २०२१ मध्यें निघालेल्या क्यूएमूच्या ६·२ आवृत्तीनें आपला परिपाठ बदलला. नातीं सांगितलेलीं नसलीं, तर आतां सॉकेटांऐवजीं कोअरांना अग्रक्रम मिळतो. आर्म घराण्याच्या आभासी यंत्रांना पीपीटीटी देण्याची सोयहि त्याच आवृत्तींत झाली, आणि कोअरांचे गट दाखविणारी आणखी एक पायरी २०२२ च्या ७·० आवृत्तींत आली.

मग नवी आवृत्ति बसविली कीं काम संपलें, असें कोणास वाटेल. तसें होत नाहीं, आणि न होण्यांत शहाणपण आहे. आभासी यंत्राला चालू स्थितींतच एका यजमानाकडून दुसऱ्या यजमानाकडे हलवितां येतें. अशा वेळीं पाहुणीनें वाचलेला नकाशा एक आणि नव्या घरचा निराळा, असें झालें तर गोंधळ माजेल. म्हणून क्यूएमू प्रत्येक आभासी यंत्राला त्याच्या जातीचा वर्षक्रम जोडून ठेवतो. ६·१ किंवा त्याआधींच्या जातीचें म्हणून निर्माण झालेलें यंत्र नव्या प्रोग्रामवरहि जुनाच नकाशा वाचतें. जुन्या सातबाऱ्यावरील हद्दी नुसता तलाठी बदलल्यानें बदलत नाहींत, तसाच हा प्रकार. मालकानें समजून-उमजून, यंत्र बंद करून, नकाशा पालटावा लागतो.

येथपर्यंत अडाणी नकाशाचा विचार झाला. याहून घातक असतो तो सुबक पण खोटा नकाशा. समजा, मालकानें हौसेनें चार कोअर व प्रत्येकीं दोन थ्रेड असें वर्णन लिहिलें. पाहुणी त्यावर विश्वासून पहिला आणि दुसरा प्रोसेसर एकाच विणकराचे दोन माग समजते, व दोन जड कामें त्या दोघांवर टाकण्याचें टाळते. परंतु यजमानानें ते आभासी प्रोसेसर खऱ्या कोअरांना बांधून दिलेले नसले, तर ते खऱ्या यंत्रावर क्षणाक्षणाला जागा बदलीत असतात. ज्यांना पाहुणीनें शेजारी मानलें, ते आतां दोन टोकांना असतील. आणि ज्यांना तिनें स्वतंत्र मानून जड कामें दिलीं, तेच एका विणकरावर येऊन आदळले असतील. जॉबर हुशार, त्याचे नियम उत्तम, तरी प्रत्येक निर्णय चुकीचा. उलट बाजूनेंहि असेंच होतें. खरोखर आठ थ्रेड म्हणजे चारच कोअर दिले असतां, नकाशांत आठ स्वतंत्र कोअर लिहिले, तर पाहुणी दोन जड कामें निःशंकपणें एकाच कोअरवर चढवील, आणि शेजारचा कोअर रिकामा राहील.

यावरून नियम निघतो तो असा. नकाशा हें एक वचन आहे. थ्रेड, कॅशे आणि गोदामें यांचें बारीक वर्णन पाहुणीला द्यावयाचें असेल, तर तिचे आभासी प्रोसेसर त्याच क्रमानें खऱ्या थ्रेडांना बांधून देणें यजमानास भाग आहे. तसें बांधणें शक्य नसेल, तर बारीक वर्णनाच्या भानगडींत न पडतां एक सॉकेट व त्यांतील साधे कोअर एवढेंच सांगावें. जें पाळतां येणार नाहीं तें न सांगणें, हाच येथें प्रामाणिकपणा ठरतो.

या प्रामाणिकपणाशीं केवळ वेग नव्हे, तर सुरक्षितताहि निगडित आहे. २०१८ च्या ऑगस्टांत इंटेलच्या अनेक प्रोसेसरांतील 'एल१टीएफ' नांवाचा दोष प्रसिद्ध झाला. एका कोअरचे दोन थ्रेड एकच कांड्यांची पेटी, म्हणजे पहिल्या पायरीचा कॅशे, वापरतात. या दोषामुळें एका थ्रेडवरील दुष्ट प्रोग्रामला त्या पेटींतील दुसऱ्याची माहिती चोरून वाचण्यास वाट मिळत होती. पुढें २०२१ मध्यें लिनक्सच्या ५·१४ आवृत्तींत एक बंदोबस्त आला: ज्यांचा एकमेकांवर विश्वास आहे, तींच कामें एका कोअरच्या दोन थ्रेडांवर एकाच वेळीं बसवावींत. बंदोबस्त चांगला, पण कोणते दोन थ्रेड एका कोअरचे, हेंच पाहुणीला खोटें सांगितलें असेल, तर ती आपल्या घरांत हा पहारा बसवील तो चुकीच्या दारावर. बँकेचा परवलीचा शब्द सांभाळणारें काम आणि कोठून तरी उतरविलेला अनोळखी प्रोग्राम हे तिच्या नकळत एकाच पेटीपाशीं येऊन बसतील.

सामान्य गृहस्थानें यांतून घ्यावयाचा बोध अवघड नाहीं. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्यें प्रोसेसरांच्या पानावर सॉकेटांची संख्या लिहिलेली असते. लिनक्सवर 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली, तर सॉकेटें किती, प्रत्येक सॉकेटांत कोअर किती आणि प्रत्येक कोअरला थ्रेड किती, हे तीन आंकडे समोर येतात. त्यांचा गुणाकार प्रोसेसरांच्या एकूण संख्येइतका भरतो. आठ प्रोसेसरांच्या विंडोजच्या पाहुण्या यंत्रांत सॉकेटांच्या रकान्यांत दोन हा आंकडा दिसला आणि चालू प्रोसेसरहि दोनच दिसले, तर रोग कोठें आहे हें ओळखण्यास वैद्य बोलवावा लागत नाहीं. यंत्र भाड्यानें घेतांना एक प्रश्न आवर्जून विचारावा: ज्याचे पैसे घेतले जातात, तो आभासी प्रोसेसर म्हणजे सबंध कोअर कीं कोअरचा एक थ्रेड? इंटेल व एएमडी यांच्या यंत्रांवर पुष्कळदां तो थ्रेड असतो, म्हणजे दोन प्रोसेसरांच्या भाड्यांत विणकर एकच मिळतो. यांत फसवणूक असतेच असें नाहीं, कारण बहुधा तें स्पष्ट लिहिलेलें असतें. पण वाचणारा विरळा.

सात रस्त्यावर उभ्या असलेल्या नवख्याला रस्ता विचारण्यास शेजारीं पानवाला असतो, रिक्षावाला असतो. एकानें चुकीचें सांगितलें तर दुसरा दुरुस्त करतो. आभासी यंत्रांत राहणाऱ्या पाहुणीला असा दुसरा कोणी भेटत नाहीं. तिच्या साऱ्या जगाची साक्ष देणारे ते अवघे दोन-तीनशे बाइट. ते लिहितांना यजमानानें घरांत खरोखर काय आहे तें पाहून लिहिलें, तर त्या कापडव्यापाऱ्याच्या कचेरींतील आठहि प्रोसेसर कामाला लागतात, आणि महिनाअखेरचा हिशेब महिनाअखेरीसच पुरा होतो.